महिन्याला साबणाची एक वडी

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी ओरडायचं आणि तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. चाळीस वर्षं लिफ्टच्या मोटरींशेजारी उभं राहून तुझे कान गेले ते गेलेच. शिवाय मला जे विचारायचंय त्याचं उत्तर लेखी हवंय.

एकतीस मार्चला मी निवृत्त होतेय. वसतिगृहाच्या मेसची कोठी चौतीस वर्षं सांभाळली. चारशे मुलींचं धान्य, तेल, साबण, सगळं माझ्या नजरेखालून गेलं. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. तांदळाच्या पोत्याला हात न लावता कॉम्प्युटरवर बघून किती तांदूळ आहे ते सांगते. मी आपली अजून जाऊन पोतं हलवून बघते.

तुम्ही दोघं तिकडे परदेशी जाऊन अडीच वर्षं झाली. दर वेळी तू म्हणतोस, "ये इकडे, अर्ध्या खर्चात राणीसारखी राहशील." राणीचं राहू दे. मला एवढंच सांग की महिन्याला खरोखर किती लागतं. म्हणजे भाडं, दवाखाना, विमा, बाजार, सगळं. आणि मला खूश करायला लिहू नकोस.

कारण हा गमतीचा प्रश्न नाही. दोन खोल्यांचं हे तळमजल्याचं घर सोडलं तर माझ्या नावावर काही नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला ते हवंय. त्याच्या आईला जिना चढवत नाही, म्हणून भावही चांगला देतोय. दहा एप्रिलला नोंदणी करू म्हणतो. एकदा विकलं की मला परत यायला जागा नाही, हे लक्षात ठेवून लिही.

वहिनींना सांग, फोनवर कधीतरी भेटा. मागच्या खेपेलाही त्या आंघोळीला गेल्या होत्या.

तुझी,
कोठीबाई


१७ फेब्रुवारी

कोठीबाईस तिच्या दादाचे भरभरून आशीर्वाद.

अखेर सुचली म्हणायची बुद्धी! पत्र वाचून मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तू येणार, बस. आता खर्च ऐक.

रक्कम लिहिली तर तू तिकडच्या-इकडच्या पैशांचे गुणाकार करत बसशील आणि पुढच्या महिन्यात भाव बदलला की माझ्या नावाने बोटं मोडशील. म्हणून माझ्या पेन्शनचे शंभर भाग धर. त्यातले घरभाड्याला चोवीस. विम्याला अकरा. वीज, पाणी, गॅस मिळून सहा. राहण्याचा परवाना वर्षातून एकदा नवा करावा लागतो, त्याचे महिन्याला तीन. फोनचे दोन. बस आणि किरकोळ औषधं पाच. केस कापणं, वर्तमानपत्र, एखादी कॉफी असले शौक चार. आणि बाजाराचे चौदा. झाले एकोणसत्तर. उरले एकतीस! तिकडे असताना महिनाअखेर माझ्या खिशात काय उरायचं ते तुला माहीत आहे.

तू बाजाराच्या बाबतीत कुणाचा शब्द धरत नाहीस, म्हणून जानेवारीच्या दुकानाच्या पावत्या समोर घेऊन उतरवून काढतोय: तांदूळ तीन किलो, डाळ एक किलो, बटाटे तीन किलो, कांदे दीड किलो, तेल एक लिटर, साखर अर्धा किलो, चहा शंभर ग्रॅम, दूध एक दिवसाआड अर्धा लिटर, अंडी वीस, अंगाच्या साबणाची एक वडी, दाताच्या पेस्टची लहान ट्यूब, दाढीच्या पात्यांची एक पुडी, कपडे धुण्याची पावडर एक पिशवी. भाजी आणि फळं रोज ताजी, त्यांचा हिशेब चौदात धरलाय. एक ग्रॅम इकडचा तिकडे केलेला नाही. लिफ्ट तपासून वहीत आकडे मांडायची सवय आहे ही, सुटत नाही.

घर तर बघत राहशील. चौथा मजला, दोन्ही बाजूंनी उजेड, खिडकीतून गावाची सगळी छपरं दिसतात. इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून भाडं कमी. अठ्ठावन्न पायऱ्या आहेत. आयुष्यभर लिफ्टने वर-खाली केलं, आता म्हटलं पायांना काम द्यावं. शेजारी विचारतात तुमचा धंदा काय होता, आणि मी सांगितलं की हसत सुटतात.

वहिनी मजेत आहे. तुझी आठवण काढत असते. घर विकून टाक आणि तिकीट काढ.

तुझा,
दादा


१ मार्च

दादा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि बाजाराची यादी वेगळ्या कागदावर उतरवली.

चौतीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही, दादा. माणूस महिन्याला किती तांदूळ खातो, किती चहा पितो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मुली सुट्टीला गेल्या आणि स्वयंपाक्याने तरीही चारशेचा शिधा मागितला, तर मी तेलाच्या डब्याकडे बघून सांगायची की आज जेवायला तीनशे दहाच आहेत. तुझ्या यादीत दोन माणसं नाहीत. एक आहे.

शंभर ग्रॅम चहा? वहिनींना दिवसाला चार कप लागतात, आणि तेही रंग बघून. शंभर ग्रॅम त्या आठवड्यात संपवतील. दाढीची पाती आहेत, पण केसांचं तेल नाही. ज्या बाईची वेणी पासष्टाव्या वर्षी कमरेपर्यंत येते, तिने अख्ख्या महिन्यात तेलाची बाटली आणली नाही? आणि सगळ्यांत मोठी गोष्ट साबणाची. सुटे पैसे हाताळले तरी त्या हात धुतात. डिसेंबरपासून मी सहा वेळा फोन केला आणि सहाही वेळा तू सांगितलंस की वहिनी आंघोळीला गेली आहे. एवढ्या आंघोळी, आणि महिन्याला साबणाची एक वडी?

तू थापा मारायला बसलास खरा, पण पावत्या खऱ्या उतरवल्यास. असला घोळ तूच घालू जाणे.

चाळीस वर्षांचा तुमचा संसार मी जवळून पाहिलाय. भांडून कुठे गेल्या असतील तर सांग, मी हसणार नाही. आजारी असतील तर आधी सांग. मला आकडे नकोत आता. वहिनी कुठे आहेत?

कोठीबाई


९ मार्च

कोठीबाई,

तुझं पत्र म्हणजे पोलीस तपासणीच झाली. मी मोठ्या हौसेने यादी पाठवली आणि तू त्यात साबण मोजत बसलीस.

वहिनी ठीक आहे. इथे चहा कडक असतो, कमी लागतो. तेल डिसेंबरात जास्तीचं आणून ठेवलं होतं. तुला यायचं नसेल तर सरळ तसं लिही, माझ्या पावत्यांत खोट काढू नकोस. घर विकायची भीती वाटत असेल तर तेही समजू शकतो. भाऊ म्हणून बोलावलं, जबरदस्ती थोडीच आहे!

गडबडीत आहे, एक काम हातात घेतलंय. सविस्तर नंतर.

दादा


१२ मार्च

प्रिय कोठीबाई,

हे पत्र तुझ्या दादाला न सांगता लिहितेय. म्हणजे लिहून झालं की सांगणार आहे, पण पाकिटाला डिंक लावल्यावर.

तुझं साबणाचं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. 'एवढ्या आंघोळी' या शब्दांपर्यंत आले आणि मी इतकी हसले की नर्स धावत आली. तिला वाटलं दुखतंय. तर आता तुला कळलंच असेल की मी कुठे आहे.

एकोणीस डिसेंबरला तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी पडले. हातात बटाट्यांची पिशवी होती. बटाटे तळमजल्यापर्यंत गेले, मी दोन पायऱ्यांवर थांबले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, त्याचे पैसे विम्याने दिले. त्यानंतर चालायला शिकवणाऱ्या केंद्रात मला ठेवलंय, त्याचे पैसे मात्र विमा देत नाही. ते कलम सतराव्या पानावर होतं आणि आम्ही दोघं सोळाव्या पानापर्यंत वाचून दमलो होतो. या मुक्कामाला दादांच्या त्या शंभरातले सत्तेचाळीस लागतात. म्हणजे एकतीस उरत नाहीत, उलट महिन्याला अठरा शिलकीतून काढावे लागतात. त्या अठरात बँक पैसे इकडे पाठवताना कापून घेते ते दोनही आले; ते तुला सांगायला दादा विसरले. त्यांनी खोटं लिहिलं म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. गप्प मीही बसले.

खरं दुखणं वेगळंच आहे. मी आता काठी घेऊन व्यवस्थित चालते. बागेला दोन चकरा मारते, पाच-सहा पायऱ्याही चढते. अठ्ठावन्न चढत नाही, आणि पुढेही चढेन असं डॉक्टरला वाटत नाही. जानेवारीअखेर त्याने सांगितलं, घरी जायला हरकत नाही, पण घर खालचं पाहिजे. म्हणजे बघ, मी आजारी नाही. मी खाली आहे आणि घर वर आहे, एवढंच.

मग दुसरं घर घ्यावं की नाही? पण नाही. तुझा दादा जिन्याची मापं घेतोय. कठड्याला रूळ लावून त्यावर खुर्ची चालवणार म्हणे. दीड महिना झाला. मोटर आणून ठेवली आहे, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर नकाशे चिकटवलेत. घरमालक दोनदा नाही म्हणाला. आमच्या परवान्यावर तर काम करायलाच बंदी आहे, कुणी तक्रार केली तर आम्हालाच गाशा गुंडाळावा लागेल. मी हे सगळं बोलून पाहिलं. ते 'हो हो' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन नकाशा घेऊन येतात. मी जास्त ताणत नाही, कारण मला दिसतंय ना. चाळीस वर्षं या माणसाने लोकांना वर नेलं, आणि स्वतःच्या बायकोला नेता येत नाही. ते त्यांना सहन होत नाही गं.

तुला एकच सांगायचंय. आमच्या भरवशावर घर विकू नकोस. इथलं जगणं महाग नाही, खोटं नाही त्यात. ऊन आहे, माणसं चांगली आहेत, मला परत यायची इच्छा नाही. पण इथे माणूस आजारी पडला की स्वस्ताई संपते. पहिले दोन दिवस मला दुखतंय हे नीट सांगता येत नव्हतं, कारण इथल्या भाषेत मला भाजीचे भाव तेवढे विचारता यायचे. त्या दोन दिवसांत तुझी फार आठवण आली.

तू ये. पण परत जायला दार ठेवून ये.

तुझी,
वहिनी

ता. क. दिवसाला चार नाही, पाच कप. इथे तीनच मिळतात.


२१ मार्च

दादा आणि वहिनी,

दोघांना मिळून लिहितेय. दादा, वहिनींच्या खोलीत बसून मोठ्याने वाच.

वहिनी, पत्र कोठीत पोत्यावर बसून वाचलं आणि तिथेच रडले. नवीन मुलीला वाटलं किल्ल्या सोडवत नाहीत म्हणून. तुम्ही त्या परक्या खाटेवर होतात आणि मी इकडे फोन ठेवून म्हणत होते, किती त्या आंघोळी! मला माफ करा.

आता माझंही ऐका. दादा, मी तुझ्या लपवाछपवीवर एवढं तोंडसुख घेतलं, पण मीही काही कमी नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच मी चष्मेवाल्याकडून इसार घेतला होता. पावतीवर सही करून मोकळी झाले होते. तुला विचारलं ते ठरवायला नाही, माझं ठरलंय ते बरोबर आहे असं तुझ्या तोंडून ऐकायला. तुझं उत्तर मला हवं तसंच होतं. एकतीस उरतात! मी तर मनातल्या मनात पडदे कोणते न्यायचे तेही ठरवलं होतं. यादी लिहिली नसतीस ना दादा, तर दहा एप्रिलला मी बेघर झाले असते आणि तुमच्या चौथ्या मजल्यावर येऊन बसले असते, या गुडघ्यांसकट.

आज सकाळी चष्मेवाल्याकडे गेले. म्हटलं, घर विकायचं नाही, इसार परत घ्या आणि काय दंड असेल तो सांगा. तो भला माणूस, पण चेहरा उतरला त्याचा. म्हणाला, "बाई, आईला मी सांगून बसलोय. ती रोज विचारते, माझं खालचं घर कधी?" मग आम्ही दोघं त्याच्या काउंटरवर चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून बसलो. त्याला कागद नको होता, आईला जमिनीवर उतरवायचं होतं. मला पैसे नको होते, जायची मोकळीक हवी होती. वर्षभराच्या भाड्यावर ठरलं. इसार अनामत म्हणून राहील. भाडं तुझ्या भागांत सांगायचं तर महिन्याला बावीस. उद्या-परवा करार लिहू.

आता दादा, खुर्चीबद्दल. हे मी कोठीवाली म्हणून सांगतेय, धाकटी बहीण म्हणून नाही. कोठीत जड पोतं कधी वरच्या फळीवर ठेवत नाहीत. ते वर न्यायची युक्ती शोधत बसत नाहीत, खालची जागा रिकामी करतात. (वहिनी, पोतं म्हटलं म्हणून रागावू नका.) मोटर विकून टाक. नकाशे भिंतीवरून काढ. वहिनींना वर नेता येत नाही यात तुझी काही नामुष्की नाही. घर खाली आण.

करार मोडायला किती लागेल, तळमजल्याचं घर किती जास्त पडेल, ते मला आठवड्याच्या आत कळव. आणि या खेपेला सगळे आकडे.

कोठीबाई


३१ मार्च

कोठीबाई,

आज तू किल्ल्या दिल्यास. सकाळपासून त्याच गोष्टीचा विचार करतोय. आई असती तर तुझ्यासाठी तिने काहीतरी गोड केलं असतं. मी फक्त कागदावर मुजरा करतो.

पत्र वहिनीच्या खोलीत वाचलं, तू सांगितलंस तसं. ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्यानेच वाचतो, तेव्हा शेजारच्या दोन खोल्यांनीही ऐकलं. भाषा कळली नाही त्यांना, पण 'पोतं'पाशी वहिनी हसली तशा त्याही हसल्या.

मला लाज वाटली, ती सांगतो. नऊ मार्चच्या पत्रात मी तुझ्यावरच उलटलो. तुला खरं सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस, आणि मला तू शुश्रूषेला यायला नको होतीस. तू उन्हात बसायला यायला हवी होतीस. आणि दुसरं म्हणजे, एकटा जेवायला बसलो की ते घर मला खायला उठतं. म्हणून लिहिलं की एकतीस उरतात. ये म्हणायला दुसरं काही सुचलं नाही.

जिन्याचंही कबूल करतो. तो रूळ बसला असता, हे आधी लिहून ठेवतो! माप अगदी बिनचूक आहे. पण काल मी वरून खाली येताना पायऱ्या मोजल्या नाहीत, मोजल्या त्या बिछान्यातल्या तिच्या रात्री. एकशे एक झाल्या. त्यातल्या साठेक तर डॉक्टरने घरी जा म्हटल्यावरच्या. त्या मी नकाशे काढण्यात घालवल्या. दुपारी नकाशे भिंतीवरून काढले.

आता आकडे. करार मोडायला दोन महिन्यांचं भाडं जाईल, त्यात मालक मोटर ठेवून घेऊन एक महिना सोडायला तयार आहे. त्याला गोदामातला पंप चालवायचाय. मी मोटर विकत होतो त्याच्यापेक्षा हे बरं. तळमजल्याची तीन घरं पाहिली. एकात ओल, दुसऱ्यात शेजारी ढोल वाजवायला शिकतोय. मला चाललं असतं, पण वहिनीचे कान शाबूत आहेत. तिसरं चांगलं आहे. केंद्रापासून दोन गल्ल्या, तीन खोल्या, पुढे ओटा, दाराला एकच पायरी. भाडं तेहतीस. म्हणजे नऊ भाग जास्त. त्या अठ्ठावन्न पायऱ्यांची किंमत महिन्याला नऊ होती, आणि मी ते नऊ वाचवले म्हणून अडीच वर्षं छाती काढून फिरत होतो.

तिसरी खोली तुझी धरू का? तू म्हणालीस तरच सही करतो.

दादा


९ एप्रिल

दादा,

सही कर.

तीन महिन्यांच्या परवान्यावर येतेय. माझा विमा मी काढला, सतरावंच काय, एकतिसावं पानही वाचलं. विकणारा मुलगा जांभया देत बसला होता, बसू दे. भाड्याचा तिसरा हिस्सा माझा आणि बाजाराचाही. त्यावर वाद घालायचा नाही. तीन महिन्यांनी जमलं तर पुढचा परवाना बघू, नाही जमलं तर चष्मेवाल्याच्या आईला सांगून ठेवलंय की वर्षाच्या आतही कदाचित मी परत येईन. ती म्हणाली, आपण दोघी राहू की. म्हणजे मला आता दोन घरं झाली.

काल तिचं सामान आलं, माझं आतल्या खोलीत हलवलं; विमानापर्यंत मी तिथेच. म्हातारीने आत येताच उंबऱ्यावर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मुलाला म्हणाली, "एवढंच?" मी दाराआड गेले थोडा वेळ.

नवीन घराचा पहिल्या महिन्याचा बाजार मी येण्याआधी होईल. त्याची यादी पाठव, तपासून मगच विमानात बसेन.

कोठीबाई


२८ एप्रिल

कोठीबाई,

पहिल्यांदा मोठा हिशेब. नव्या घराचं भाडं, तिघांचा बाजार, वीज-पाणी, विमा, परवाना, बस, फोन, डॉक्टर, व्यायाम शिकवणारी बाई, आणि बँक वाटेत कापते ते दोन, सगळं मिळून एकशे तेरा. त्यातले तुझे तेवीस वजा जाता नव्वद. उरतात दहा. एकतीस नाहीत, दहा. हे दहा तू कसेही हलवून बघ, पोतं हलवतेस तसे.

शिलकीला पडलेलं भोक बुजायला दोन वर्षं लागतील. तेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे साबणावरून पकडायला नको.

आता बाजार. ही दुकानाची पावती समोर आहे, एक ग्रॅम इकडचा तिकडे केलेला नाही.

तांदूळ आठ किलो. डाळ तीन किलो. तेल तीन लिटर. साखर दीड किलो. दूध रोज एक लिटर. अंडी चार डझन. चहा एक किलो, आणि हा मी निवडलेला नाही. दुकानात काठी टेकून उभ्या असलेल्या बाईने डबा उघडायला लावून रंग बघून घेतलाय. दुकानदार तिला अजून घाबरून आहे. दाढीच्या पात्यांची एक पुडी. केसांचं तेल, मोठी बाटली.

अंगाच्या साबणाच्या वड्या सहा. एक माझी, चार तिच्या. सहावी तुझी, कागद न काढता न्हाणीघरातल्या फळीवर ठेवली आहे.

यादी तपासून झाली असेल तर विमान कधीचं ते कळव. फोनवर नको, लिहून. फोन केलास तर वहिनी उचलेल, पण तुला थांबावं लागेल. आत्ता खरंच आंघोळीला गेली आहे.

दादा